गाळ काढूनही मरीना पुन्हा उथळ होते: पुढच्या टेंडरआधी काय तपासायचं

मरीनात, म्हणजे हौशी बोटी लावून ठेवायच्या बंदरात, ड्रेजिंग (यंत्राने तळाचा गाळ उपसणं) होऊन फार काळ लोटलेला नसतो. कंत्राटदाराचं बिल निघालेलं असतं, काम पूर्ण झाल्याचा दाखला फाइलला लागलेला असतो. आणि उधाणाच्या एका ओहोटीला आतल्या रांगेतल्या बोटी चिखलात बसतात. कोणाचं सुकाणू वाकतं, कोणाच्या इंजिनात थंड पाण्याऐवजी गढूळ रबडी जाते आणि अलार्म वाजायला लागतो. बोटवाले कार्यालयात येऊन एकच विचारतात, "मग पैसे गेले कुठे?" मरीना सार्वजनिक असली की हा प्रश्न जास्तच बोचतो. यावर ठरलेला इलाज म्हणजे जुनं टेंडर बाहेर काढायचं, तारीख बदलायची आणि तेवढ्याच खोलीचं तेच काम पुन्हा काढायचं.

ड्रेजर कुठला आणावा यावर जितका खल होतो, त्याच्या दहावा हिस्साही गाळ नेमका कुठे, कसला आणि किती वेगाने साचतोय यावर होत नाही. या तीन गोष्टी कळल्या तर पुढचं काम निम्म्याने सोपं होतं. कधीकधी ड्रेजर लागतच नाही, भिंतीची एक सांध बुजवून भागतं. म्हणून खालचा क्रम. घाई असली तरी वरून खालीच जा.

पहिली शंका: खरंच भरली आहे का?

ऐकायला विचित्र वाटेल, पण "बोट टेकली" म्हणजे "गाळ वाढला" असं दर वेळी नसतं. पाणी कमी असू शकतं. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची सरासरी हवामान धरून काढलेली असते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने उतरते. दाब नेहमीच्या १०१३ वरून १०३३ वर गेला की तक्त्यापेक्षा २० सेंटिमीटर पाणी कमी. त्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे जोरात वाहत असेल तर आणखी. मरीना तलावात किंवा धरणाच्या पाण्यात असेल तर प्रश्न आणखी साधा आहे: पातळी किती उतरली ते मोजपट्टीवर बघा.

दुसरी गफलत बोटीवरच्या यंत्राची. इको साउंडर (ध्वनी सोडून खोली मोजणारं यंत्र) कधी पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली दाखवतो, कधी सेन्सरपासूनची, कधी कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाला खाली निघालेल्या कण्याच्या, खालची. ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन बोटी एकाच जागी वेगवेगळे आकडे दाखवतात आणि दोघेही मालक पोटतिडकीने भांडतात. तक्रार नोंदवताना आकडा कुठून मोजलेला, किती वाजता आणि तेव्हा पाण्याची पातळी काय होती, या तीन गोष्टी लिहून घेतल्या तर निम्म्या तक्रारी आपोआप जुळतात किंवा गळतात.

साधा ओळंबा अजूनही उपयोगी आहे. दोरीला खुणा करा, टोकाला ताटलीसारखी चपटी पट्टी लावलेलं वजन बांधा आणि धक्क्यावरून हळू सोडा. वाळूवर ते ठक्क करून थांबतं, दोरी लगेच ढिली पडते. घट्ट मातीत थोडं रुततं आणि ओढताना चिकटतं. ताज्या चिखलात मात्र ते थांबल्यासारखं वाटतं, थोडी वाट पाहिली की आणखी खाली जातं, आणि तळ नेमका कुठे सुरू झाला हे हाताला सांगता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण सगळ्यात महागडा गोंधळ इथूनच सुरू होतो.

तळाशी पातळ चिखलाचा थर असला की "खोली किती" याला एक उत्तर नसतं. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी त्या पातळ थराच्या वरच्या कडेवरूनच परततो. २४ ते ३३ किलोहर्ट्झचा ध्वनी त्यातून खाली शिरून घट्ट थरावरून परततो. दोन्हींत अर्धा मीटर किंवा त्याहूनही जास्त फरक पडू शकतो. आता कामाआधीचं सर्वेक्षण वरच्या कंप्रतेने (फ्रीक्वेन्सीने) आणि कामानंतरचं खालच्या कंप्रतेने केलं, तर एक बादलीही न उपसता कागदावर भरपूर गाळ निघाल्याचं दिसतं. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. बऱ्याचदा सर्वेक्षण करणारी माणसं बदललेली असतात आणि कागदावर कंप्रता लिहिलेलीच नसते. तुमच्याकडचे मागचे दोन अहवाल काढा आणि कंप्रता, पातळीचा संदर्भ (खोली कुठल्या पातळीपासून मोजली) व भरतीची दुरुस्ती कशी केली ते बघा. सापडलं नाही, तर पुन्हा गाळ साचला की मुळात निघालाच नव्हता, हे ठरवण्याचा आधार तुमच्याकडे नाही.

मोठ्या बंदरांनी यावर तोडगा काढला आहे. रॉटरडॅमने १९७०च्या दशकातच चिखलाची घनता हा निकष धरला: घनमीटरला १,२०० किलोपर्यंत घनतेच्या थरातून जहाज जाऊ शकतं, म्हणून तो थर खोलीतच मोजायचा. मोठ्या जहाजाला ते चालतं. हौशी बोटीला तितकंसं चालत नाही. शिडाच्या बोटीची कील अशा चिखलातून रेटून निघते, पण इंजिनाला थंड करणारं पाणी ओढायचं छिद्र तळाजवळच असतं आणि गाळणी लगेच तुंबते. म्हणून छोट्या मरीनासाठी वरची कड हाच तळ धरावा असं माझं मत. कुठलाही धरा, पण दोन्ही वेळा तोच.

कुठे भरली: फरकाचा नकाशा

ड्रेजिंग संपल्याबरोबरचं सर्वेक्षण आणि आजचं सर्वेक्षण एकमेकांतून वजा करून जो नकाशा निघतो, त्याच्यासारखं निदान दुसरं नाही. सर्वेक्षण करणाऱ्याकडून नुसती खोलीची पत्रिका घेऊ नका, बिंदूंची मूळ फाइल मागून घ्या. वजाबाकी त्यातूनच होते. मग रंग भरून बघा. गाळ कसा पसरला आहे यावरून तो कुठून आला ते बहुतेक वेळा कळतं.

मरीनाच्या मुखावर आडवी पट्टी, बाहेरच्या बाजूने आत निमुळती होत गेलेली, आणि एकाच वादळात कित्येक दिवसांची भर पडलेली: ही किनाऱ्याने सरकणारी वाळू. लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात आणि वाळूला एका दिशेने ढकलत नेतात. ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) बांधलं की काही वर्षं ती वाळू त्याच्या एका अंगाला अडते. ती जागा भरली की टोकाला वळसा घालून मुखात येते. मरीना सुरुवातीची काही वर्षं छान होती आणि मग एकाएकी बिघडली, असं जुने लोक सांगत असतील तर संशय इथेच घ्या.

मुखाच्या लगेच आत सगळ्यात जाड आणि आतल्या कोपऱ्यांकडे पातळ होत गेलेला सारखा थर: भरतीच्या पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ. प्रत्येक भरतीला गढूळ पाणी आत येतं, आत ते शांत होतं, गाळ खाली बसतो आणि ओहोटीला थोडं स्वच्छ पाणी बाहेर जातं. नदीच्या किंवा खाडीच्या काठावरच्या मरीनात मुखाशी एक भोवराही फिरत असतो. बाहेरून प्रवाह जातो, आतलं पाणी जागच्या जागी गोल फिरतं आणि भोवऱ्याच्या मध्यभागी गाळाचा गोल उंचवटा तयार होतो. नकाशावर तो दिसला की खूण पटली.

नाल्याच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला ढीग असेल आणि त्यात जाडी रेती, पानं, प्लास्टिक सापडलं, तर पावसाचं पाणी आणणारा नाला दोषी. इथे ड्रेजिंगचे पैसे घालण्यापेक्षा नाल्यावर गाळ अडवणारी टाकी बांधून ती वेळच्या वेळी उपसणं स्वस्त पडतं. अर्थात नाला बहुधा दुसऱ्याच खात्याचा असतो, ही वेगळी कटकट.

भिंतीच्या पायाशी लांबट पट्टी दिसली तर पाण्यात बघू नका, भिंतीच्या मागे जाऊन फरशी बघा. फरशी खचली आहे का, लाद्यांखाली पोकळ आवाज येतो का? असेल तर भिंतीच्या सांधीतून मागचा भराव प्रत्येक ओहोटीला पाण्याबरोबर बाहेर येतोय. इथे गाळ काढत राहिलात तर भिंतीमागची जमीनच उपसताय.

बोटी लावायच्या जागी मागच्या टोकाला खळगा आणि त्याच्या पुढे उंचवटा असेल, तर ते बोटींच्या इंजिनाला जोडलेल्या, पाण्यातल्या पंख्यांचं काम. धक्क्याला लागताना जोरात मागे-पुढे इंजिन चालवलं की तळ उकरला जातो आणि जवळच जाऊन बसतो. बाहेरून काहीच आलेलं नसतं.

आता सगळ्यात फसवा प्रकार, ज्याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

बोटींच्या येण्याजाण्याची मधली वाट कामानंतर मस्त खोल असते. काही महिन्यांतच ती भरते, आणि सगळे म्हणतात की इथे गाळ फारच वेगाने येतो. फरकाचा नकाशा बघितला तर मधली वाट उथळ झालेली असते आणि तरंगत्या धक्क्यांच्या खालचा तळ मात्र खोल झालेला असतो. दोन्हींचे घनमीटर काढा. आकडे जवळपास जुळले तर नवा गाळ आलाच नाही. कडेचा चिखल घसरून मध्ये आला.

हे होतं कारण ड्रेजर धक्क्यांखाली पोहोचत नाही. धक्के सोडवून बाजूला न्यायचे, बोटी हलवायच्या, विजेच्या आणि पाण्याच्या जोडण्या काढायच्या, हे कोणालाच नको असतं. म्हणून ठरतं की मधली वाट उपसू, बोटी जागच्या जागी राहू देत. पण मऊ चिखल उभ्या कड्यासारखा उभा राहत नाही. वाळूचा उतार साधारण १ ला ३ धरतात, म्हणजे १ मीटर उंचीला ३ मीटर रुंदी. मऊ चिखलाचा १ ला ५, कधी १ ला १० इतका सपाट होतो. समजा कडेपेक्षा मध्ये २ मीटर खोल उपसलं आणि चिखल १ ला ५ वर स्थिरावणारा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना १०-१० मीटर रुंदीचा उतार लागणार. मधली वाट २० मीटरची असेल, तर सगळी वाट उतारातच गेली. सपाट खोल तळ उरलाच नाही. असं काम कागदावर मोजून, पैसे देऊन, शंभर टक्के पूर्ण करता येतं आणि तरीही ते टिकत नाही. कंत्राटदाराला दोष देण्यात अर्थ नाही, नकाशाच तसा आखला होता.

यावर उपाय एकच: धक्के टप्प्याटप्प्याने हलवायचे. एक रांग रिकामी, तिच्याखाली काम, मग पुढची. वेळ लागतो, बोटवाले वैतागतात, पण काम टिकतं. धक्के हलवणं अगदीच शक्य नसेल, तर निदान अपेक्षित उतार आधी कागदावर काढा आणि मिळणारी खरी खोली तेवढीच सांगा.

कसला गाळ आहे

प्रयोगशाळेत पाठवायचाच आहे, पण त्याआधी एक काचेची बरणी पुरते. तळाचा मूठभर नमुना घ्या, बरणीत गोडं पाणी भरून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात जे खाली बसलं ती वाळू. पुढच्या काही तासांत बसेल ती पोयटा म्हणावी अशी बारीक माती. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर चिकणमाती बरीच आहे. मग तोच प्रयोग मरीनातल्या खाऱ्या पाण्याने करा. चिकणमातीचे कण मिठामुळे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि पाणी बऱ्याच लवकर निवळतं. गोड्या नदीचं पाणी जिथे खाऱ्याला मिळतं, तिथल्या मरीना इतक्या वेगाने का भरतात, ते या दोन बरण्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

वासही बघा. वर आलेला चिखल काळा आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा असेल तर तळाशी प्राणवायू नाही. असा काळा चिखल उघड्यावर ठेवला की वरून हळूहळू तपकिरी होतो, कारण त्यातलं लोहाचं संयुग हवेतला प्राणवायू घेतं. पाण्यातही तो हेच करतो. कडक उन्हाळ्यात, पाणी आधीच गरम असताना, असा चिखल ढवळला तर पाण्यातला प्राणवायू तो ओढून घेतो आणि मासे मरू शकतात. कामाचा हंगाम ठरवताना हे विसरू नये.

किती भरायला हवी होती

हा हिशोब कागदाच्या पाठीवर होतो आणि तरी फार थोडे लोक करतात. समजा मरीनाचं क्षेत्र ४ हेक्टर, म्हणजे ४०,००० चौरस मीटर, आणि भरती-ओहोटीतला फरक सरासरी २ मीटर. एका भरतीला ८०,००० घनमीटर पाणी आत येतं. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम गाळ असेल तर एका भरतीबरोबर ८,००० किलो गाळ आला. त्यातला निम्मा आत बसला असं धरू: ४,००० किलो. दिवसातून दोनदा भरती येते, तिथे वर्षाला साधारण ७०५ भरत्या होतात. म्हणजे वर्षाला सुमारे २,८२० टन कोरडा गाळ. ताज्या चिखलाच्या एका घनमीटरात ४०० किलो कोरडा गाळ धरला तर ७,०५० घनमीटर. सगळ्या तळावर पसरला तर वर्षाला १७-१८ सेंटिमीटर.

आता तुमचे आकडे घाला. गढूळपणा पावसाळ्यात आणि उधाणाला वेगळा, भांगाच्या दिवसांत वेगळा असतो, तेव्हा एकाच दिवसाच्या बाटलीवर विसंबू नका. हिशोबातून १८ सेंटिमीटर निघाले आणि नकाशावरही १५ ते २० दिसत असतील, तर मरीनात काहीही "बिघडलेलं" नाही. ती भरतीचं पाणी घेते आणि तेवढा गाळ ठेवून घेते. नकाशावर ५० दिसत असतील तर आणखी काहीतरी गाळ आणतंय: मुखाशी भोवरा, नाला, कडेची घसरण, किंवा खाऱ्या-गोड्या पाण्यातल्या घनतेच्या फरकामुळे तळातून आत शिरणारा प्रवाह. खाडीच्या तोंडाजवळच्या बंदरांत हा शेवटचा प्रकार नुसत्या भरतीपेक्षाही कितीतरी जास्त पाणी आत-बाहेर करतो, आणि वरून बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "यंदा जास्त खोल काढू म्हणजे जास्त वर्षं टिकेल" यात तथ्य आहे, पण वाटतं तितकं नाही. खोल केल्याने आत येणाऱ्या भरतीच्या पाण्याचं प्रमाण वाढत नाही, हे खरं. पण तळ खाली गेला की लाटांनी आणि बोटींनी गाळ पुन्हा उचलला जाण्याची शक्यता कमी होते, म्हणजे आलेला गाळ जास्त टिकून बसतो. आणि खाली जाण्याला मर्यादा आहे: धक्के धरून ठेवणारे खांब आणि काठाची भिंत ज्या मातीत रुतलेली आहे तीच तुम्ही काढताय. मूळ बांधकामाचे नकाशे बघितल्याशिवाय कोणी जास्तीच्या खोलीला मंजुरी देऊ नये.

जास्तीची खोली हवी असेल तर ती जागेप्रमाणे द्या. मुखाशी वर्षाला ४० सेंटिमीटर आणि आतल्या कोपऱ्यात ८ सेंटिमीटर साचत असेल, तर सगळीकडे एकच खोली मागणारं टेंडर कोपऱ्यात पैसे वाया घालवतं आणि मुखाशी वर्षभरात कमी पडतं. मुखाच्या आत मुद्दाम खोल खड्डा ठेवून गाळ तिथेच अडवायचा आणि तेवढाच भाग वारंवार उपसायचा, ही जुनी आणि शहाणी पद्धत आहे. ड्रेजरला तिथे धक्के हलवावे लागत नाहीत, हा त्यातला खरा फायदा.

कारणानुसार इलाज

वाळूचं दुखणं ब्रेकवॉटर लांबवून काही वर्षं पुढे ढकलता येतं, पण वाळू पुन्हा टोकापर्यंत येतेच. शिवाय पलीकडच्या किनाऱ्याला वाळू मिळेनाशी होऊन तो झिजायला लागतो. म्हणून वाळू पलीकडे पोहोचवण्याची कायमची सोय करणं बरं. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या मुखाजवळ १९८६ पासून पंप बसवलेली एक जेट्टी हेच करते. अलीकडची वाळू पाण्याबरोबर ओढून ती पाइपातून पलीकडच्या किनाऱ्यावर सोडते, वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर. छोट्या मरीनाला एवढं झेपणार नाही. तिच्यासाठी जवळचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझचं. हौशी आणि मासेमारी बोटींचं हे सार्वजनिक बंदर १९६४ मध्ये सुरू झालं आणि हिवाळ्यात त्याचं मुख वाळूने बंद व्हायला लागलं. बाहेरून ड्रेजर येईपर्यंत हंगाम निघून जायचा. १९८६ मध्ये बंदराने स्वतःचा ड्रेजर घेतला. आता हिवाळ्यात वाळू येईल तशी उपसतात आणि प्रवाहाच्या दिशेने पुढच्या पुळणीवर सोडतात. वाळू थांबवण्याच्या फंदात ते पडलेच नाहीत.

चिखलाला दोन अंगांनी हात घालता येतो. येणारं गढूळ पाणी कमी करा, किंवा आलेला चिखल घट्ट होण्याआधी बाहेर घालवा. पहिल्यात मुख अरुंद करणं, उंबरठा किंवा दरवाजा बसवणं येतं. पण पाण्याची अदलाबदल कमी झाली की आतलं पाणी साचून घाण होतं, शेवाळ वाढतं, त्यामुळे हे जपूनच. मुखाशी भोवरा असेल तर प्रवाह वळवणारी भिंत हा सुंदर उपाय आहे. हाम्बुर्गच्या कोलफ्लीट बंदराच्या तोंडाशी १९९०च्या सुमारास अशी वक्र भिंत बांधली आणि साचणारा गाळ बराच घटला. मात्र ती भिंत त्या मुखासाठी, त्या प्रवाहासाठी आखलेली होती. नकाशा बघून दुसरीकडे तशीच उभारली तर भोवरा फक्त जागा बदलेल.

दुसऱ्या अंगात पाण्याच्या झोतांनी चिखल सैल करण्याची पद्धत येते. कमी दाबाचं, भरपूर पाणी तळात सोडलं की चिखलाचा वरचा थर पातळ होतो आणि उताराने आपणहून बाहेर वाहत जातो. धक्क्यांजवळ काम करता येतं, वाहतूक नाही, टाकायला जागा नको. अट मात्र कडक: चिखल ताजा आणि बारीक हवा, बाहेर मरीनापेक्षा खोल जागा हवी, आणि तो गाळ बाहेर गेलेला परवानगी देणाऱ्यांना चालला पाहिजे. वाळूवर हे अजिबात चालत नाही. ती जागीच बसून राहते.

बाकी यंत्रांबद्दल थोडक्यात. तराफ्यावरचा एक्सकॅव्हेटर भिंतीजवळ आणि कचऱ्यात बरा. मरीनाच्या तळाशी टायर, साखळ्या, दोर आणि कोणाची तरी हरवलेली खुर्ची हमखास असते. कटर आणि पंपाचा ड्रेजर भराभर काम करतो, पण दोर कटरमध्ये अडकला की तासन्‌तास काम थांबतं आणि गाळापेक्षा पाणीच जास्त येतं. म्हणून काम सुरू होण्याआधी पाणबुड्यांकडून किंवा गळ ओढून तळ साफ करून घ्या.

काढलेला गाळ टाकायचा कुठे

परवानग्या इथेच अडकतात, आणि त्यामुळेच सगळं इतकं लांबतं की मधल्या काळात गाळ घट्ट होऊन बसतो. समुद्रात टाकायचा असेल तर १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलखाली (समुद्रात कचरा टाकण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार) ड्रेजिंगचा गाळ परवानगीने टाकता येणाऱ्या मोजक्या गोष्टींत आहे, पण आधी त्याची तपासणी लागते. मरीनाच्या गाळात तांबं आणि जस्त सापडणं नेहमीचं: तांबं बोटींच्या तळाच्या रंगातून येतं, जस्त गंज टाळायला लावलेल्या तुकड्यांमधून. जुन्या मरीनात टीबीटीही असतं. बोटींच्या रंगातल्या या विषारी संयुगावर बंदी आणणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. त्याआधीचे थर तळाखाली तसेच आहेत.

यातून निघणारी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नियमित काढला जाणारा वरचा ताजा गाळ बहुधा स्वच्छ असतो. "एकदाच भरपूर खोल काढून टाकू" म्हटलं की तुम्ही जुन्या, दूषित थरात शिरता आणि मग सगळ्याच गाळाचं विल्हेवाटीचं प्रकरण बदलतं. म्हणून नमुने वरवरचे घेऊ नका. जेवढं खोल काढायचं आहे तिथपर्यंतचा उभा गाभा घ्या आणि थराथराची वेगळी तपासणी करा.

वाळू स्वच्छ असेल तर पुळणीवर द्या, लोक धन्यवाद देतील. चिखल जमिनीवर न्यायचा असेल तर तो सुकवायला जागा आणि वेळ लागतो. पाण्याबरोबर पंप केलेला चिखल तळाशी होता त्यापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, तेव्हा १०,००० घनमीटर गाळाला १०,००० घनमीटरचा खड्डा पुरेल हा हिशोब करू नका. कापडी पिशव्यांतून पाणी निथळून घेतलं तर जागा वाचते, खर्च वाढतो.

कंत्राटात काय हवं

पैसे तळाच्या फरकावर द्यायचे, बार्जच्या (गाळ वाहून नेणाऱ्या सपाट बोटीच्या) फेऱ्यांवर नाही. बार्जमध्ये पाणीही मोजलं जातं. आधीचं आणि नंतरचं सर्वेक्षण एकाच पद्धतीने, एकाच कंप्रतेने, कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या माणसाकडून. ठरलेल्या खोलीखाली थोडी जास्तीची खोदाई, सहसा ३० सेंटिमीटरपर्यंत, मान्य करावी लागते, कारण कोणतंही यंत्र सुतात काम करत नाही. त्यापलीकडे काढलं तर पैसे नाहीत, आणि खांबांजवळ काढलं तर दंड.

काम संपल्यावर महिन्याभराने एक आणि मग दर सहा महिन्यांनी एक सर्वेक्षण बजेटमध्ये आधीच धरा. महिन्याभरातलं सर्वेक्षण कडेची घसरण दाखवतं, सहा महिन्यांचं साचण्याचा वेग. ड्रेजिंगच्या मानाने याचा खर्च किरकोळ असतो, आणि नेमका तोच पहिल्यांदा कापला जातो.

यंदा पैसेच नाहीत तर

परवानगी अडकली आहे, हंगाम सुरू होतोय, अशा वेळी काही गोष्टी फुकटात होतात. ताज्या नकाशावरून बोटींची अदलाबदल करा. खोल कीलच्या बोटी बाहेरच्या रांगेत, सपाट तळाच्या आतल्या कोपऱ्यात. कोण कुठे वर्षानुवर्षं बोट लावतो याचा मान राखत बसलात तर हे होणार नाही. मुखावर पाण्याच्या पातळीची मोठी पट्टी लावा, रात्री दिसेल अशी. धक्क्याशी बोट बांधून इंजिन जोरात चालवण्यावर बंदी आणा. कार्यालयाबाहेर फळ्यावर सगळ्यात उथळ जागेची खोली आणि त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ लिहा, आणि हवेचा दाब जास्त असलेल्या दिवशी त्यातून तेवढे सेंटिमीटर वजा करून लिहा. फळा रोज सकाळी पुसून नवा लिहायचा. कालचा आकडा राहिला तर तो नसल्यापेक्षा वाईट.